एकवीस दिवसांची सुई

सरकारी इस्पितळात रांगा पुष्कळ. केसपेपरची रांग, औषधाच्या खिडकीची रांग, एक्स-रेची रांग. या रांगांत रोज नवी माणसे दिसतात. पण इंजेक्शनच्या खोलीबाहेर एक छोटीशी रांग अशी असते, की तिच्यातली माणसे एकमेकांना ओळखतात. 'मागच्या खेपेला आला नव्हता?' असे विचारतात. त्यांत शाळेच्या गणवेशातली मुले असतात, कडेवर बाळ घेतलेल्या बाया असतात. दिसायला कुणीच आजारी दिसत नाही. ताप नाही, खोकला नाही, पट्टी नाही. हातात फक्त एक कार्ड, घामाने मऊ पडलेले. त्यावर तारखांची उतरंड. दोन तारखांमधले अंतर एकवीस दिवस.

ही पेनिसिलिनची रांग आहे. आजार बरा करण्यासाठी नव्हे, आजार पुन्हा येऊ नये म्हणून घ्यायच्या इंजेक्शनची. कुणाला पाच वर्षे घ्यावे लागते, कुणाला दहा, कुणाला चाळिशीपर्यंत, तर कुणाला जन्मभर. एकवीस दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला सतरा सुया. दहा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. आज मला या सुईचा इतिहास सांगायचा आहे. कारण ती टोचून घेणाऱ्याला आणि टोचणाऱ्यालाही ती कुठून आली याची बहुधा कल्पना नसते, आणि ती का चुकवू नये हे त्या इतिहासातच दडलेले आहे.

आधी आजार. त्याला इंग्रजीत रूमॅटिक फीव्हर म्हणतात, आपण संधिज्वर म्हणू. सुरुवात अगदी साधी. मुलाचा घसा दुखतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू घशात घर करतात. चार दिवसांत घसा बरा होतो, घरचे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप भरतो. आज गुडघा सुजतो, उद्या तो उतरतो आणि घोटा धरतो, परवा कोपर. शरीराने जंतूंशी लढायला जी फौज उभारली, ती आता आपल्याच माणसांना शत्रू समजू लागलेली असते. सांध्यांचे दुखणे निघून जाते, मागे काही ठेवत नाही. म्हणूनच डॉक्टरांत एक जुनी समजूत आहे की हा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो, चावा घेतो तो हृदयाला. हृदयाच्या झडपा सुजतात, जाड होतात, चिकटतात. बहुतेक वेळा मायट्रल नावाची डावीकडची झडप. घराचे दार नीट उघडेना आणि नीट लागेना, अशी तिची गत होते.

यातली वाईट गोष्ट अशी की एकदा हा ताप आला की तो पुन्हा येण्याची शक्यता वाढते. घशाचा प्रत्येक नवा संसर्ग ही एक नवी संधी असते, आणि प्रत्येक फेरीत झडपेचे आणखी नुकसान. श्रीमंत देशांत झडप निकामी व्हायला वीस-तीस वर्षे लागत. आपल्याकडे शाळकरी वयातच झडपा आवळलेल्या सापडतात, हे दिल्लीच्या डॉक्टरांनी १९६३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले, तेव्हा परदेशी डॉक्टर चकित झाले होते.

एकोणिसाव्या शतकात या तापावर इलाज म्हणजे बिछाना आणि वाट पाहणे. १८७६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या थॉमस मॅक्लॅगन यांनी विलो झाडाच्या सालीतले सॅलिसिन दिले, तेव्हा ताप आणि सांधे उतरले. अॅस्पिरिनच्या घराण्यातलेच ते औषध. पण हृदयाला त्याचा आधार नव्हता. ताप पुन्हा येऊ नये म्हणून औषध देता येते, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती १९३९ साली अमेरिकेत. तेव्हा सल्फा गटाची औषधे नवी होती. ती रोज थोडी थोडी दिली तर मुले तापाच्या दुसऱ्या फेरीपासून वाचतात, असे दिसले. आजारी नसलेल्या मुलाला औषध देत राहणे हा विचारच त्या काळात नवा होता.

आता सुईकडे येऊ. पोकळ सुई आणि पिचकारी यांची जोडी जमली १८५३ साली. एडिंबरोत अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समध्ये लियाँ येथे शार्ल प्रावाझ, दोघांनी एकाच वर्षी, एकमेकांना न विचारता ती वापरली. मुंबईच्या लोकांची सुईशी खरी गाठ पडली प्लेगात. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक भ्यायले, अफवा उठल्या. पुढे पन्नास वर्षांत हेच लोक 'डॉक्टर, गोळी नको, सुई द्या' असे म्हणू लागले. या बदलात मोठा वाटा आहे पेनिसिलिनचा.

पेनिसिलिनची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, पण अर्धी. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले, एवढी आपल्याला ठाऊक असते. त्या बुरशीचे औषध व्हायला आणखी बारा वर्षे गेली. ते केले ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना मारक जंतू टोचले. चारांना पेनिसिलिन दिले, चारांना नाही. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते. युद्धाचे दिवस होते, भांडी मिळत नव्हती. हीटलींनी बुरशी वाढवायला रुग्णांची शौचाची भांडी आणि बिस्किटांचे डबेसुद्धा वापरले.

१९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पहिले इंजेक्शन मिळाले. चेहऱ्यावर गळवे, एक डोळा गेलेला. औषध पडताच माणूस सुधारू लागला. पण पेनिसिलिन शरीरात टिकत नाही, मूत्रपिंडे ते तासाभरात बाहेर टाकू लागतात. दर तीन तासांनी सुई द्यावी लागे आणि साठा तर चिमूटभर. डॉक्टरांनी त्याची लघवी गोळा केली, तिच्यातून पेनिसिलिन परत काढले आणि पुन्हा त्यालाच टोचले. पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत असताना ते संपले म्हणून गेलेला हा रुग्ण पेनिसिलिनच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. ते पान अजून उलटलेले नाही, हे पुढे येईलच.

नंतर अमेरिकेत पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या कारखान्यातल्या टाकाऊ पाण्यावर बुरशी जोमाने वाढू लागली. १९४३ मध्ये बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर अधिक कसदार बुरशी मिळाली. पेनिसिलिन टाक्यांतून निघू लागले. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळाले. हीटलींना नाही.

स्वतंत्र भारताला हे औषध बाहेरून आणावे लागत होते. त्यावर उपाय झाला तो आपल्या पुण्याजवळ, पिंपरीच्या माळावर. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधे बनवणारी ही सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली कंपनी. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. आज ज्याला आपण पिंपरी-चिंचवड म्हणून ओळखतो, त्या उद्योगनगरीच्या पायातला एक दगड या बुरशीचा आहे. पुण्याहून मुंबईला जाताना उजव्या-डाव्या हाताला मोटारींचे कारखाने दाखवणारे लोक भेटतात, पण इथल्या टाक्यांतून हजारो घरांतली मुले वाचली, असे कुणी दाखवत नाही.

आता एकवीस दिवसांचे कोडे. तीन-तीन तासांनी टोचायचे औषध तीन आठवड्यांवर गेले कसे? औषध शरीरात रेंगाळावे म्हणून रसायनज्ञांची खटपट चालली होती. प्रोकेन पेनिसिलिन आले, ते दिवसभर पुरू लागले. अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरन लष्करी तळावर जवानांचे घसे सारखे धरत. तिथल्या डॉक्टरांनी १९५० साली दाखवून दिले की घसा दुखत असतानाच पेनिसिलिन दिले तर पुढचा संधिज्वर टळतो. मग १९५१ साली बेंझाथिन पेनिसिलिन आले. हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. स्नायूत खोल टोचला की तिथे त्याचा साठा बसतो आणि तो कणाकणाने झिरपत राहतो. ऊन पडले की डोंगरावरचा बर्फ पाझरतो, तसा. न्यूयॉर्कजवळच्या आयर्विंग्टन हाउस या मुलांच्या संस्थेत जीन स्टोलरमन यांनी ते महिन्यातून एकदा देऊन पाहिले आणि १९५५ साली निष्कर्ष जाहीर केले. रोजच्या गोळ्यांची जागा एका सुईने घेतली. पुढे लक्षात आले की चौथ्या आठवड्यात साठा आटत आलेला असतो. म्हणून जिथे हा आजार फार आहे तिथे अठ्ठावीसऐवजी एकवीस दिवस ठरले. मोठ्यांना बारा लाख युनिट, लहान मुलांना सहा लाख.

या औषधाचा गुण तोच त्याचा दोष. न विरघळणारे म्हणून ते दुधासारखे दाट. बारीक सुईतून उतरत नाही, जाड सुई लागते. बाटलीत पाणी सोडून ढवळले की लगेच टोचावे लागते, नाही तर सुई तुंबते. आणि टोचल्यावर दिवसभर पाय ओढत चालावे लागते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझी थोरली बहीण, आमची आपा, बारा वर्षांची असताना, म्हणजे १९८१ साली, या रांगेत उभी राहिली. मी तेव्हा आठ वर्षांचा. अब्बा शिलाईचे काम करत. आमच्या तालुक्याच्या गावाहून एसटीने जिल्ह्याच्या इस्पितळात जायचे. एकवीस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे वार कधी बदलत नसे. आमचा मंगळवार. तिथे एक वयस्क सिस्टर होत्या. काचेची पिचकारी आणि सुया उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढायच्या. औषधाची बाटली दोन तळव्यांत धरून जात्याच्या खुंट्यासारखी फिरवत बसायच्या. गार औषध जास्त दुखते, म्हणून. 'भाभी, पोरीला मागच्या बाकावर घेऊन बसा, औषधाला ऊब येऊ द्या,' असे अम्मीला सांगायच्या. बाहेर पन्नास माणसे खोळंबलेली असताना बाटलीला ऊब देत बसणे, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. दुखणे कमी करायचा हा उपाय आता शास्त्रीय सल्ल्यांतही सापडतो.

रमजानात मंगळवार आला तेव्हा अम्मीला प्रश्न पडला. सुईने रोजा तुटतो का? तिने मौलवीसाहेबांना विचारून घेतले. स्नायूत घेतलेली औषधाची सुई म्हणजे खाणेपिणे नव्हे, तिने रोजा तुटत नाही, असे त्यांनी सांगितले. पुष्कळ उलेमांचे मत असेच आहे. आपाचा रोजा राहिला आणि सुईही. हे मुद्दाम सांगतो. कारण अशा छोट्या शंका कुणी विचारून घेतल्या नाहीत तर त्या शंकांपायी तारखा चुकतात. नवरात्राचे उपास असोत की रमजान, शंका सगळ्यांच्या घरी असतात.

खरा प्रश्न उभा राहिला लग्नाच्या वेळी. मुलगी सुईवर आहे हे सांगायचे की लपवायचे? नातेवाइकांनी सल्ला दिला, कार्ड फाडून टाका. अब्बांनी ऐकले नाही. त्यांनी पाहुण्यांसमोर चहाच्या बशीशेजारी कार्ड ठेवले. एक स्थळ परत गेले. दुसऱ्या स्थळाच्या म्हातारीने कार्ड उलटसुलट पाहिले आणि विचारले, 'मंगळवार आमच्याकडेही बाजाराचाच वार आहे. इस्पितळ किती लांब?' तीच आपाची सासू झाली आणि पुढे सुनेला घेऊन तीच रांगेत येऊन बसे. आपाला दोन मुले झाली. आज ती सत्तावन्न वर्षांची आहे.

त्याच रांगेत आपाबरोबर शेजारच्या गावची एक मुलगी असायची. दोघी एकाच वयाच्या, आवळे वाटून खायच्या. तिचे लग्न झाले तेव्हा कार्ड माहेरीच राहिले. सासरी कुणाला सांगितले नव्हते. गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, हृदयाला दीडपट काम करावे लागते. आवळलेल्या झडपेची परीक्षा नेमकी तेव्हा होते. सातव्या महिन्यात तिला धाप लागली. घरच्यांना वाटले, पहिलटकरीण आहे, लागतेच. इस्पितळात आणले तेव्हा उशीर झाला होता. ती गेली, बाळही गेले. आमच्या आपाने बरेच दिवस त्या बाकावर बसायचे टाळले.

संधिज्वराने हृदय पोखरलेल्यांत बायकांची संख्या जास्त असते आणि पुष्कळींचा आजार पहिल्या बाळंतपणातच कळतो. याला केवळ जंतू जबाबदार नाहीत. कार्ड लपवायला लावणारे आपण सगळे आहोत.

सुईबद्दलची भीती डॉक्टरांनाही असते. पेनिसिलिनची तीव्र अॅलर्जी येऊन माणूस दगावला, असे एक प्रकरण गावात घडले की दहा वर्षे तिथले डॉक्टर ही बाटली हातात घेत नाहीत. ही भीती आकड्यांवर तोलून पाहायला हवी. अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांत तीव्र अॅलर्जी आली चौघांना, मृत्यू एक. धोका आहे, म्हणून तयारी ठेवूनच सुई द्यावी. पण न देण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. आणि ज्यांची झडप फारच बिघडली आहे, त्यांच्या बाबतीत सुईनंतरचे काही मृत्यू अॅलर्जीने नव्हे तर दुबळ्या हृदयाला बसलेल्या धक्क्याने होत असावेत, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली मांडले. अशांना गोळ्यांचा पर्याय सुचवला. म्हणजे कुणाला सुई आणि कुणाला गोळी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपण आपल्या मनाने सुई थांबवायची नाही.

दुसरी अडचण औषधच न मिळण्याची. हे औषध जुने, कुणाच्या पेटंटचे नाही, किंमत थोडी. त्यात नफा कमी म्हणून बनवणारे कमी. २०१४ ते २०१६ च्या सुमारास जगातल्या अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला. आपल्या देशातही चीनच्या स्वस्त मालापुढे पेनिसिलिनच्या कच्च्या औषधाचे उत्पादन थंडावले. २०२० साली केंद्र सरकारला ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून कारखानदारांसाठी प्रोत्साहन योजना आणावी लागली. पिंपरीच्या माळावर ज्या देशाने १९५५ साली हे औषध स्वतः बनवले, त्यालाच. ऑक्सफर्डच्या त्या पोलिसाचे पान उलटलेले नाही, असे मी म्हणालो, ते यासाठी.

मग उपाय काय? पहिला उपाय औषधाच्या बाटलीत नाही. डेन्मार्कमध्ये संधिज्वराची नोंद १८६२ पासून होत आली. तिथे पेनिसिलिन येण्याच्या कितीतरी आधीच हा आजार उतरणीला लागला होता. घरे मोठी झाली, एका खोलीत निजणारी माणसे कमी झाली, तसा तो मागे हटला. दहा जण एका खोलीत निजतात तिथे घशाचा जंतू एका उशीवरून दुसऱ्या उशीवर सहज जातो. म्हणून आज हा आजार युरोपात नावापुरता उरला आणि आपल्या झोपडपट्ट्यांत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वस्त्यांत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात चार कोटींहून अधिक माणसे याने बिघडलेले हृदय घेऊन जगतात आणि दरवर्षी तीन लाखांवर मरतात. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेने यावर खास ठराव केला.

दुसरा उपाय म्हणजे नोंदवही. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे मोहीम चालली. मुलांच्या दुखऱ्या घशाकडे लक्ष द्यायला शिकवले आणि प्रत्येक रुग्णाचे नाव वहीत ठेवले. तारीख चुकली की आरोग्यसेवक घरी जाई. दहा वर्षांत आजार झपाट्याने ओसरला. युगांडातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाले. लक्षणे दिसण्याआधीच हृदयाच्या तपासणीत ज्यांच्या झडपेत बारीक दोष सापडला, अशा मुलांचे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षे, दर चार आठवड्यांनी हीच सुई दिली. सुई घेणाऱ्या ३९९ मुलांपैकी तिघांचा आजार पुढे सरकला. न घेणाऱ्या ४०० पैकी तेहेतिसांचा. सत्तर वर्षांपूर्वीच्या सुईने एकविसाव्या शतकात दिलेली ही साक्ष आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्वचेखाली मोठा डोस देऊन हे अंतर दहा आठवड्यांवर नेता येते का, याचे प्रयोग चालू आहेत. लसीचाही शोध चालू आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर ही दुधाळ, दाट, दुखरी सुईच आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. यमक जुळले नाही तर कवितेचे फार नुकसान होत नाही, असे हल्ली म्हणतात. पण या कार्डावरच्या तारखांचे यमक चुकवून चालत नाही. तुमच्या शेजारी, तुमच्या शाळेत, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरी असे एखादे कार्ड असेल. मुलाचा घसा वारंवार दुखत असेल, सांधे फिरते दुखत असतील तर इस्पितळात दाखवा. लग्न ठरवताना कुणी असे कार्ड पुढे ठेवले तर ते परत सारू नका. इस्पितळ किती लांब आहे, एवढेच विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)